मिनिटवाल्या बाई

आमच्या दातांच्या डॉक्टर बाई लेकरांवर कधी ओरडल्या नाहीत. ओरडायच्या ते लेकरांच्या आईबापांवर. असं ओरडायच्या की बाहेर बाकावर बसलेली माणसं चपला शोधायला लागायची. एखादा बाप पोराला खुर्चीत बसवून म्हणाला, "काही नाही रे, मुंगी चावल्यासारखं होतं," की बाई हातातलं सगळं खाली ठेवायच्या. "तुम्हाला चावली का कधी अशी मुंगी? इंचभर सुई हिरडीत घुसली होती का तुमच्या? मग काय म्हणून सांगता त्याला? चला, बाहेर बसा." बाप मोठा अधिकारी असो का गावचा सरपंच, बाहेर म्हणजे बाहेर. मग पोराकडं वळून, त्याच तोंडानं पण निराळ्याच आवाजात म्हणायच्या, "हे बघ, दुखणार आहे. पण कमी दुखावं म्हणून आपण दोघं एक मिनिट काहीतरी करणार आहोत. करायचं का?"

त्या एका मिनिटामुळं लातुरात त्यांचं नाव मिनिटवाल्या बाई पडलं. कौतुकानं नव्हे, कंटाळून. ज्या गावात क्लासची एक बॅच सुटायच्या आत दुसरी बॅच भरते, पोरं उभ्या उभ्या वडापाव खातात आणि आया रिक्षातच वेण्या घालतात, तिथं एक डॉक्टरीण प्रत्येकाला म्हणते, थांबा, एक मिनिट. लोकांना राग यायचा. गेल्या साली बाई गेल्या. मी त्यांच्याजवळ वीस वर्षं काम केलं आणि त्यांच्याबद्दल चार शब्द लिहावेत म्हणून बसले, तर पहिल्यांदा मलाही रागच आला. कुणाचा, ते पुढं येईलच. मी शाळेत चौथीपर्यंत गेले. बाकीचं वाचायला औषधांच्या खोक्यांवरून शिकले. तेव्हा लिहिण्यात मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

माझी आणि बाईंची गाठ भूकंपात पडली. आमचं गाव औशाच्या बाजूला. घर पडलं, त्यात माझा मालक गेला, सासू गेली. मी आणि माझी पाच वर्षांची सुनीता राहिलो. सुनीताचा वरचा ओठ आणि हिरडी फाटली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी तंबूत तिला टाके घालायला घेतलं. बधीर करायचं औषध संपलं होतं. दोघांनी पाय धरले, मी डोकं धरलं, आणि एक म्हातारे डॉक्टर म्हणाले, "काही नाही बाळा, काही दुखत नाही." मीही तेच म्हणायला लागले. दुसरं काय म्हणणार? तेवढ्यात मागून एक बाई ओरडली, "खोटं का सांगता तिला?" बघते तर वीस-बावीस वर्षांची पोरगी, डोक्याला रुमाल, अंगावर धूळ. शिकत होती अजून. म्हाताऱ्या डॉक्टरांनी वळून पाहिलं. ही त्यांच्या शेजारी मातीत गुडघ्यावर बसली आणि सुनीताला म्हणाली, "बाळ, लई दुखणार आहे. सुन्न करायचं औषध न्हाई आपल्याकडं. तू जोरात ओरड. मी बी ओरडते." आणि खरंच ओरडली! प्रत्येक टाक्याला दोघी मिळून ओरडत होत्या. तंबूबाहेरची माणसं आत डोकावून गेली. टाके झाले तेव्हा सुनीता तिच्या मांडीवर झोपली होती, माझ्या नाही.

नंतर दोन-तीन वर्षांनी मी लातुरात धुणीभांडी करत होते, तर एका नव्या दवाखान्यावर पाटी लागलेली दिसली. आत गेले. बाईंनी ओळखलं. "ओठ कसा आहे पोरीचा?" हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न, "काम करणार का?" मी म्हणाले, मला वाचता येत नाही धड. म्हणाल्या, "हात धरता येतो ना लेकराचा? बाकीचं मी शिकवते." झालं. त्या नांदेडच्या, शिकलेल्या घरातल्या, लग्न केलेलं नाही. मी खेड्यातली, विधवा. मला त्या मावशी म्हणायच्या, मी त्यांना बाई. शेवटपर्यंत तेच.

तर त्या एका मिनिटात लावायचा तो दिवा. तो बराच उशिरा आला. तोवर लातूरचं नाव सगळीकडं झालं होतं, गल्लीगल्लीत क्लास निघाले होते आणि आमच्या दवाखान्याच्या वरसुद्धा एक होस्टेल झालं होतं. बाई हैदराबादला कसल्या तरी सभेला गेल्या आणि येताना एक खोकं घेऊन आल्या. आत जाड पेनासारखं एक यंत्र, त्याच्या टोकाला लाल ठिपका, आणि तीन रंगीत चष्मे. बाई म्हणाल्या, सुई टोचायच्या आधी हिरडीवर त्याच जागी हा उजेड मिनिटभर धरायचा. त्यानं सुईची कळ कमी होते म्हणतात. मी हसले. "उजेडानं कुठं दुखायचं थांबतं का बाई? मग उन्हात बसून काढा की दात." त्याही हसल्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी नांदेडहून आपल्या वर्गमैत्रिणीला बोलावलं, स्वतः खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "एका बाजूला उजेड दे, दुसऱ्या बाजूला नुसतं धरल्यासारखं कर. कुठं दिलास ते मला सांगू नको. मग दोन्हीकडं टोच." मैत्रीण म्हणाली, वेडी आहेस का, चांगल्या हिरडीत कशाला? बाई म्हणाल्या, "मी लेकरांना काय सांगू मग? पुस्तकात लिहिलंय म्हणून?" दोन्हीकडं टोचून घेतलं. अर्धा तास तोंड वाकडं करून बसल्या होत्या. मग कागदावर लिहून दाखवलं, डावीकडं कमी. मैत्रीण म्हणाली, डावीकडंच दिला होता.

तरी त्या दिव्याला डोक्यावर घेतलं नाही त्यांनी. मला म्हणायच्या, "मावशी, कुणाला फरक पडतो, कुणाला जराही पडत नाही. आणि खरं सांगू का, दिवा किती काम करतो आणि ते मिनिटभर आपण पोराजवळ शांत उभे राहतो ते किती काम करतं, हे मला अजून नीट कळलेलं नाही. पण दोन्ही मिळून होतंय ना काहीतरी. मग दोन्ही करायचं." पद्धत ठरलेली होती. आधी लेकराला चष्मा, मग मला, मग बाईंना. मी त्याचा हात धरायचा. बाई दिवा लावणार आणि पोरानं समोरच्या घड्याळाचा सेकंदाचा काटा बघून साठपर्यंत मनात मोजायचं. साठ झाले की त्यानं माझा हात दाबायचा. त्यानं दाबला तरच बाई सुई उचलणार. पोरगं चाळीसला अडखळलं तर पुन्हा एकपासून. क्लासची पोरं काय एकेक नमुने! एक जण आकड्यांऐवजी सत्तावीसचा पाढा म्हणायचा. एकीनं कसलीशी रसायनांची यादीच म्हणून दाखवली, तोंड उघडं ठेवून, सगळी अं अं अं. बाई हसून हसून बेजार, म्हणे, "अगं, मला बारावीलाही पाठ नव्हती ही."

आणि आईबाप? "मॅडम, अडीचला बॅच आहे त्याची. लवकर नाही का होणार?" बाईंचं उत्तर ठरलेलं, "बॅचला सांगा, आत्ता दात आहे." एक आई तर म्हणाली, "तेवढ्यात त्याचे दोन प्रश्न सुटले असते." बाईंनी तिला नुसतं बघितलं. मी घाबरले, आता ही ओरडणार. नाही ओरडल्या. तिच्या पोराला म्हणाल्या, "तू निवांत मोज. दोन मिनिटं मोज."

पाटीवर मात्र त्यांनी कधी लिहू दिलं नाही, की इथं दुखत नाही. औषधवाला, रंगवाला, घरमालक, सगळ्यांनी सांगून पाहिलं. तेव्हा दुसऱ्या दवाखान्यांवर मोठमोठ्या अक्षरांत तसंच असायचं. बाई म्हणायच्या, "कमी दुखतं आणि दुखत नाही, यात फरक आहे. मोठ्या माणसाला तो कळत नाही, लेकराला लगेच कळतो. सुई लागली की त्याच सेकंदाला कळतो. मग ते पुन्हा तोंड उघडत नाही, आपल्यापुढंही आणि दुसऱ्या कुणापुढंही."

आता एका सरांकडं येते. नाव घेत नाही, घ्यायची इच्छाही नाही. सगळे त्यांना सरच म्हणायचे. त्यांचा क्लास होता आणि क्लासला जोडून होस्टेल. पाचवी-सहावीपासूनची पोरं ठेवायचे, पुढं डॉक्टर करतो म्हणून. आईबापांनी गावाकडून आणून सोडलेली दहा-बारा वर्षांची लेकरं. ती रात्रंदिवस अभ्यास करणार आणि चॉकलेट-बिस्किटांवर जगणार, मग दात किडतील नाही तर काय? रविवारी सकाळी पेपर झाला की सर जीप भरून पोरं आणायचे. बाई त्यांना बजावायच्या, एका वेळी दोनच आणा. सर हसायचे. "मॅडम, आपलं काम बाकी नंबर एक. फक्त स्पीड वाढवा थोडा." बाई म्हणायच्या, "सर, मी गोळ्या पॅक करत नाही."

त्या रविवारी बाई लातुरात नव्हत्या. नांदेडला त्यांच्या आईची तब्येत बिघडली होती. दवाखान्यात एक नवे डॉक्टर होते, नुकतेच शिकून आलेले, स्वभावानं बरे पण सरांपुढं हात जोडून उभे राहणारे. जीपमधून सात पोरं उतरली. चारला पुन्हा पेपर. सर दारातच उभे राहिले, मनगट वर करून, घड्याळ सगळ्यांना दिसेल असं. चौथी पोरगी अश्विनी, कंधारकडच्या एका खेड्यातली, बारा वर्षांची, दोन वेण्या. दाढ खालून सडलेली, काढायचीच होती. खुर्चीत बसल्या बसल्या तिनं विचारलं, "मावशी, बाई न्हाईत?"

"नांदेडला गेल्यात."

"मंग दिवा?"

"हाय की. हे डॉक्टर देतात."

चष्मे घातले. तिनं माझा हात धरला आणि घड्याळाकडं बघायला लागली. डॉक्टरांनी दिवा हिरडीला टेकवला आणि उचलला. तेवढंच. तिनं पाच मोजले असतील नसतील. तिनं माझ्याकडं बघितलं, हात दाबला नाही. मला सगळं कळलं होतं बरं का. वीस वर्षं मी तिथं उभी होते, मला कळणार नाही? डॉक्टर सुई घेऊन तयार. दारातून सर म्हणाले, "अजून तिघं आहेत हं." पोरीनं विचारलं, "मावशी, झालं? दुखंल का?"

आणि मी म्हणाले, "न्हाई दुखत गं. दिवा दिलाय ना."

तिनं तोंड उघडलं. माझ्याकडं बघत उघडलं. सुई लागली तशी ती अशी उसळली की सुई हिरडीत आडवी फिरली. तिनं डॉक्टरांच्या बोटाचा चावा घेतला, चष्मा फेकला आणि जिन्यावरून पळत खाली जीपमध्ये जाऊन बसली. रक्त ओढणीला. मी मागं गेले तर काच वर केली. सर म्हणाले, "नाटकं असतात यांची. चला, पाचवा." पाचवा आला. मी त्याचा हात धरला. हे लिहिताना मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतंय, पण धरला.

बाई मंगळवारी आल्या. मी काही सांगितलं नाही. डॉक्टरही बोलले नाहीत. मी स्वतःला समजावलं, एक दाढ राहिली, दुसरीकडं काढतील. आठवडा गेला. पुढच्या रविवारी तिला आणलं नाही, मी विचारलंही नाही. आणि तिकडं ती पोरगी काय करत होती? गाल सुजला तो स्कार्फमध्ये बांधून पेपर लिहीत होती. होस्टेलमध्ये तिला दुखायच्या गोळ्या देत होते. कुणी म्हणालं नाही, पोरी, तोंड दाखव. दाखवलंही नसतं तिनं. ताप डोक्यात गेला, सूज डोळ्यापासून गळ्यापर्यंत आली, तेव्हा सरांनी तिच्या बापाला फोन केला, की घेऊन जा, बाकीच्या मुलांचा अभ्यास डिस्टर्ब होतो. अगदी याच शब्दांत. बाप बिचारा उसनी गाडी करून आला आणि तिला सरळ नांदेडला एका मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथं बाईंची तीच मैत्रीण होती, दोन्हीकडं टोचणारी. तिनं बाईंना फोन केला. गळ्यापर्यंत सूज, पू आत उतरत चाललाय. पूर्ण भूल द्यायला डॉक्टर घाबरतात, श्वास अडकेल. जागेपणीच, तिनं तोंड उघडलं तरच पू काढता येईल, आणि तो आजच काढायला हवा. पोरगी दात आवळून बसलीय. आईचं ऐकत नाही, बापाचं ऐकत नाही. बाई हातातलं सोडून गेल्या. मला वाटलं, त्या गेल्या म्हणजे झालंच. दुपारी फोन आला. आवाज अगदी शांत.

"मावशी, अश्विनीला काय सांगितलं होतं तुम्ही?"

मी हातातला चष्मा उगाच पुसत राहिले.

"ती माझ्यापुढं तोंड उघडत नाही. म्हणते, तुमची मावशी खोटं बोलली, तुमीच शिकवलं असंल. म्हणते, तिला आणा. मिळेल ती गाडी पकडा."

लातूर ते नांदेड एसटीत मी काय काय देव आठवले ते मलाच माहीत. वॉर्डात गेले तर पलंगाभोवती ही गर्दी. आई, बाप, दोन नर्स, बाई, बाईंची मैत्रीण, आणि कोपऱ्यात सरसुद्धा आलेले, गावची माणसं जमून गोंधळ घालतील या भीतीनं. पोरीचा एक डोळा बंद झाला होता. चेहरा ओळखू येत नव्हता, वेण्यांवरून ओळखलं. बाईंनी मला बसायला सांगितलं नाही. पोरीला म्हणाल्या, "आली ही. विचार."

दातांतल्या दातांत ती बोलली. "दिवा पुरा दिला व्हता का?"

मी म्हणाले, "न्हाई."

"तुमाला ठाव व्हतं?"

"हाव. ठाव होतं. मी खोटं बोलले बाळ."

"का?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मनात दहा कारणं आली. तोंडातून खरं तेच निघालं. "सर दारात उभे होते. मी त्यांना भ्याले."

एका डोळ्यानं ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मी बी भिते त्यांना. पर मी बारा वर्साची हाय."

कोपऱ्यात सर म्हणाले, "अरे, हे काय चाललंय? वेळ चाललाय इथं." त्यावर बाई वळल्या. वीस वर्षांत मी त्यांचे सगळे आवाज ऐकले होते, तो नव्हता ऐकला. "वेळ? आठ दिवस होता तुमच्याकडं. ही पोर स्कार्फ बांधून तुमच्यासमोर पेपर लिहीत होती. बाहेर व्हा. नाही तर हिच्या बापाला सांगते दार दाखवायला." बाप उठलाच. सर गेले.

मग पोरीनं बाईंना विचारलं, "आता दुखंल का?"

बाई पलंगावर तिच्याजवळ बसल्या. "हो. त्या दिवशीपेक्षा जास्त. पू झाला की बधीर करायचं औषध नीट लागत नाही. दिवा माझ्या पिशवीत आहे, पण पू आहे तिथं मी तो लावत नाही. तेव्हा आज दिवा नाही. दुखेल, आणि बराच वेळ दुखेल. तू हात वर केलास की मी थांबेन. पण पूर्ण थांबता येणार नाही, कारण नाही काढलं तर तू मरशील."

तिची आई तोंडात पदर कोंबून रडायला लागली. नर्स म्हणाली, "मॅडम, लेकराला असं सांगतात का?" बाई पोरीकडंच बघत होत्या. पोरीनं थोडा वेळ विचार केला आणि तोंड उघडलं. कसंबसं, दोन बोटं जातील एवढं. पण स्वतःहून उघडलं. मी सवयीनं हात पुढं केला. तिनं तो घेतला नाही. पलंगाची दांडी धरली.

तीनदा तिनं हात वर केला, तीनदा बाई थांबल्या. चौथ्यांदा नाही थांबल्या. ती ओरडली, आणि बाई भूकंपातल्यासारख्या तिच्याबरोबर ओरडल्या नाहीत, काम करत राहिल्या, डोळ्यांतून पाणी गळत होतं ते मास्कमध्ये जात होतं. पोरगी वाचली. दोन दिवसांनी ताप उतरला. दाढ गेली, शेजारचा चांगला दातही गेला. बापानं होस्टेलवरून तिची पेटी आणली आणि गावाकडं शाळेत घातलं. ती पुन्हा आमच्याकडं तपासायला आली नाही. का यावी?

आणि सर? त्यांचं काय बिघडलं? काही बिघडलं नाही. पुढच्या वर्षी त्यांची पाटी आणखी मोठी झाली, एका चौकातून दुसऱ्या चौकात दिसेल अशी. बाई मात्र त्यांच्या प्रवेशाच्या सभेत गेल्या, दीड-दोनशे आईबाप बसलेले, आणि उभ्या राहून म्हणाल्या, "फक्त एवढं विचारा यांना. तुमचं पोर आजारी पडलं तर आधी दवाखाना का आधी पेपर?" लोकांनी ऐकून घेतलं. दोघं तिघं उठून गेले. बाकीच्यांनी विचारलं, सकाळची बॅच किती वाजता सुरू होते. हे मला औषधाच्या दुकानदारानं सांगितलं. मी तेव्हा दवाखान्यात नव्हते.

कारण नांदेडहून परत येताना बाईंनी मला कामावरून काढलं. पोरीचा ताप उतरल्यावर आम्ही दोघी एकाच एसटीनं निघालो, एकाच बाकावर. लोहा गेलं. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली. माणसं चहाला उतरली. बाई समोरच्या सीटच्या पाठीकडं बघत म्हणाल्या, "मावशी, उद्यापासून येऊ नका. त्या डॉक्टरांनाही मी तेच सांगणार आहे."

मला आधी कळलंच नाही. मग म्हणाले, "बाई, वीस वर्षं झाली. एकदा चुकले मी."

"हो."

"ते डॉक्टर काल आलेत. त्यांच्या पंगतीला मला बसवता? दिवा त्यांनी उचलला. सुई त्यांनी मारली."

"माझ्याही हातात सुईच असते," बाई म्हणाल्या. "सुई धरलेल्या माणसावर कोणतं लेकरू भरवसा ठेवील? इतकी वर्षं तोंडं उघडली ती तुमच्याकडं बघून. दिवा लागला नाही तर दुसरं काही करता येतं. तुमच्या जागी मला दुसरं काही नाही. आता एकही लेकरू तुमच्याकडं बघत असताना मी सुई उचलू शकणार नाही."

मी उठले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. अंगाचा नुसता जाळ झाला होता. तुमच्यासाठी सणवार पाहिला नाही, सुनीताच्या बाळंतपणात चार दिवसांत कामावर आले, आणि एका वाक्यासाठी? शिरूर गेलं, चाकूर गेलं, माझं आतल्या आत भांडण चालूच. त्यांचं बरोबर आहे हे मला कळत होतं आणि त्यामुळंच जास्त राग येत होता. अजून येतो. सरांवर येतो, त्या जोडलेल्या हातांच्या डॉक्टरवर येतो, माझ्यावर तर येतोच. पण बाईंवरही येतो. एवढं खरं असू नये माणसानं, की जवळचं कुणी उरूच नये.

लातूरला उतरले तर बाई खाली थांबल्या होत्या. घाईत मी आधीच्या सीटवर विसरलेली माझी पिशवी त्यांच्या हातात होती. मी पिशवी घेतली आणि चालायला लागले. चार पावलं गेले असेन, तर मागून त्यांनी हाक मारली, "मावशी." मी वळले नाही. पुन्हा एकदा मारली, जरा हळू. तरी नाही वळले. त्यानंतर आमची भेट झाली नाही. त्यांना काय सांगायचं होतं, ते आता मी कुणाला विचारू?